अस्तेरसाठी धरलेला उपवास

चुलीकडे बोट दाखवून मी हातवाऱ्यांनीच विचारलं, ‘‘लाकडं आहेत का?’’ तशी घरमालकीण मुलुनेशबाईंनी ओठ अर्धवट उघडून असा काही श्वास आत ओढला, की मला वाटलं माझ्या पाठीमागं साप निघाला. मी किंचाळले आणि पायरीवरून थेट अंगणात उडी मारली. मागं वळून बघते तो साप नाही की विंचू नाही. मुलुनेशबाई माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे बघतेय.

‘‘अहो, काय झालं त्यांना?’’ मी ह्यांना विचारलं.

हे खुर्चीत बसून बूट पुसत होते. ‘‘काही नाही. ‘हो’ म्हणाल्या.’’

‘‘हो म्हणायला दचकतात?’’

‘‘दचकत नाहीत. इथं ‘हो’ असंच म्हणतात. श्वास आत घेऊन.’’

मग ‘नाही’ म्हणताना काय करतात, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

ही एकोणीसशे एकोणसत्तरच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. फलटणच्या पलीकडे माझा प्रवास म्हणजे लग्नाला पुण्यापर्यंत, आणि तिथून एकदम इथिओपिया. हे तिथल्या डोंगरातल्या एका गावच्या सरकारी शाळेत गणित शिकवायला वर्षभर आधी गेले होते. तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ मास्तर तिकडे जात. नकाशावर देश दाखवताना माझ्या सासऱ्यांचं बोट आधी अरबस्तानावर पडलं होतं आणि मग समुद्रात. त्यावरून घरात किती माहिती होती ते समजा.

आल्यापासून माझं सगळंच उलटंपालटं झालं होतं. विमानात मी विरळ सुती पातळं घेऊन आले, कारण आफ्रिका म्हणजे ऊन. आणि इथं दुपारीही शाल लागे. हे म्हणाले, ‘शाळा दोन वाजता’, म्हणून मी निवांत स्वयंपाक करत बसले, तर हे सकाळी आठला डबा मागत उभे. तिथलं घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतं. आपल्या आठला त्यांचे दोन. वर्षही त्यांचं वेगळं. मुलुनेशबाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एकसष्ट साल होतं. ‘‘म्हणजे आत्ता मी चौदा वर्षांची,’’ मी ह्यांना म्हटलं. ‘‘तुमच्यावर खटला भरता येईल.’’ हसून घेतलं, पण रात्री उशी ओली व्हायची ती व्हायचीच.

मुलुनेशबाई पन्नाशीच्या आसपास असाव्यात. उंच, सडपातळ, अंगावर पांढरी शाल, कपाळावर हिरवट गोंदण. ते गोंदण बघून मला आमच्या चुलतआजीची आठवण झाली, आणि पहिल्या दिवशी तोच एक आधार वाटला. निलगिरीच्या काठ्यांचं कुंपण, मध्ये मोठं अंगण, एका बाजूला त्यांचं मातीचं घर, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या आमच्या. त्यांना नवरा नव्हता. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. आणि अस्तेर नावाची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची. ती मी कधी पाहिली नाही. तिच्या छातीत दुखणं झालं होतं, म्हणून ती दोन दिवसांच्या वाटेवर राजधानीतल्या दवाखान्यात होती, मामाच्या देखरेखीखाली. म्हातारीला टाकून मुलुनेशबाईंना जाता येत नव्हतं.

मी येऊन पंधरा दिवस होतात न होतात, तोच ह्यांना दुसऱ्या गावी पाठवायचं निघालं. तिथले गणिताचे मास्तर आजारी पडले होते आणि परीक्षा तोंडावर. ईस्टरच्या सुटीपर्यंत हे तिथंच राहणार.

बसमध्ये चढताना हे म्हणाले, ‘‘हे बघ प्रभा, पुढच्या दोन वर्षांचा करार आलाय. सुटीत येईन तेव्हा हेडमास्तरांना सही करून द्यायचा. तोवर तू ठरव. तू नाही म्हणालीस तर नाही. जूनमध्ये दोघं परत जाऊ. पण मग फलटणला मला कोण नोकरी देतंय, तेही ठाऊक नाही.’’

‘‘आणि मी इथं एकटी कशी राहू?’’

‘‘मुलुनेशबाई आहेत ना.’’

बस गेली. मुलुनेशबाई आहेत खऱ्या; पण आमच्या दोघींत मिळून शब्द होते चार.

तरी त्यांनी माझं केलं. रोज सकाळी माझ्या दारात येऊन ‘कशी आहेस’ असं एकदा नव्हे, सात-आठ वेळा विचारत. गालाला गाल लावत. एकदा उजवा, एकदा डावा, पुन्हा उजवा. मी प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला मान न्यायची आणि नाकाला नाक आपटायचं. दुपारी तीनच्या सुमाराला अंगणात कॉफी होई. हिरव्या बिया तव्यावर भाजायच्या, त्या धुराचा वास सगळ्यांनी ओढून घ्यायचा, कुटायच्या, उकळायच्या. आणि तीन वेळा प्यायची. पहिल्या दिवशी मी एक कप पिऊन उठले, तर चार बायकांनी मला पदराला धरून खाली बसवलं.

तेव्हा त्यांचा मोठा उपवास चालू होता. ईस्टरच्या आधीचे पंचावन्न दिवस. मला एवढंच कळलं, की मुलुनेशबाई सकाळपासून काही खात नाहीत आणि तीन वाजता पहिला घास घेतात. एके दिवशी त्यांनी मला घरात नेलं. भिंतीवर मारियामचं, म्हणजे येशूच्या आईचं चित्र, शेजारी अस्तेरचा फोटो. मोठ्या डोळ्यांची, जरा हट्टी वाटणारी मुलगी. मुलुनेशबाईंनी फोटोवर बोट ठेवलं, आपल्या छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं, मग पोटावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘त्सोम.’’

त्सोम म्हणजे उपवास, हे मला ह्यांनी सांगितलं होतं. बाई मुलीसाठी जास्तच कडक उपवास करत होत्या. मला भरून आलं. ह्या देशातली मला कळलेली पहिली गोष्ट म्हणजे ही आईची माया. मीही फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, ‘‘अस्तेर. मी. त्सोम.’’

मुलुनेशबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवशी कॉफीला बायका माझ्याकडे बघून काही बोलल्या, एकीनं माझ्या खांद्याचा मुका घेतला. रस्त्यात चर्चचे म्हातारे पुजारी भेटले, त्यांनी हातातला क्रूस माझ्या कपाळाला लावला. ‘बघा,’ मी मनात म्हटलं, ‘चार शब्दांतसुद्धा माणूस आपलं होतं.’

माझ्या मनात होती संकष्टी. ती चार दिवसांवर आली होती. दर संकष्टी अस्तेरच्या नावानं करायची, असा माझा बेत.

संकष्टीला सकाळी डोक्यावरून न्हाले, गणपतीच्या तसबिरीपुढं निरांजन लावलं, अस्तेरचं नाव घेतलं, आणि दहाच्या सुमाराला फराळाला लागले. साबुदाणा कुठला? पण बटाटे होते. घरून आणलेलं तूप सढळ हातानं घातलं, जिऱ्याची फोडणी दिली, दाण्याचं कूट लावलं. चार केळी सोलली. पावडरीचं दूध चांगलं दाट केलं, साखर घातली, आणि पेला घेऊन पायरीवर उन्हाला बसले. आमचे सासरे ह्याला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून हसायचे, पण त्यांचंही ताट भरलेलं असे.

मुलुनेशबाई विहिरीवरून पाणी घेऊन येत होत्या. मी त्यांना बघून हसले. पेला उंच केला आणि म्हटलं, ‘‘अस्तेर! त्सोम!’’

त्या जागच्या जागी थांबल्या. पेल्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या ताटलीकडे पाहिलं. मग घागर घेऊन घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी कॉफीला मला बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गालाला गाल लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी आपणहून कॉफीला गेले, तर बायका बोलायच्या थांबल्या. एकीनं माझ्यापुढं कप ठेवला, पण कुणी पदर धरून बसवलं नाही. मी एका कपावर उठले आणि कुणी अडवलं नाही.

माझं काय चुकलं? मी डोक्याचा भुगा केला. त्यांच्या देवाच्या चित्रासमोर चप्पल घालून गेले होते का? नाही, काढली होती. विहिरीला हात लावला म्हणून? मग आधी का लावू दिला? निरांजनाचा वास त्यांना चालत नसेल? मी निरांजन बंद केलं. कुंकू लहान लावून पाहिलं. पायरीवर बसून केस विंचरले ते अशुभ असेल म्हणून केस खोलीत विंचरू लागले. केळ्याच्या साली त्यांच्या शेळीला घातल्या होत्या, त्यातून शेळीला काही झालं असेल, म्हणून कुंपणाआडून शेळीवर नजर ठेवली. शेळी ठणठणीत होती. पुजारी रस्त्यात दिसले तेव्हा मी कपाळ पुढं केलं. ते बाजूनं निघून गेले. मग मात्र मी घाबरले. अख्ख्या गावाला कळलेला माझा गुन्हा एकट्या मलाच ठाऊक नव्हता.

पाचव्या दिवशी ह्यांना पत्र लिहिलं. ‘इथं माणसं आज जवळ घेतात आणि उद्या तोंड फिरवतात. कारण सांगत नाहीत. मला इथं राहायचं नाही. करारावर सही करू नका.’ पत्र लगेच पेटीत टाकून आले. फलटणला एक वेळ उपाशी राहू, पण माणसांत राहू, असं मला वाटलं.

त्यानंतर तीन दिवसांनी अन्नम्मा आली. ही ह्यांच्या शाळेत विज्ञान शिकवायची. केरळची, पण दोन वर्षं पुण्यात काढलेली, त्यामुळं हिंदी बोलायची. तिचं तिला आणि माझं मला कळेल अशा हिंदीत आमचं बोलणं चाले. ह्यांनी तिला माझी चौकशी करायला कळवलं होतं.

मी तिच्या गळ्यातच पडले. सगळं सांगितलं. ती आधी मुलुनेशबाईंकडे गेली. अर्ध्या तासानं परत आली ती कपाळाला हात लावून.

‘‘प्रभा, तू उपवासाला दूध प्यायलीस?’’

‘‘हो. साखर घालून.’’

‘‘आणि तूप?’’

‘‘बटाट्याला. थोडंच.’’

‘‘अगं, ह्यांच्या उपवासाला दूध, तूप, लोणी, अंडं, मांस, काही म्हणजे काही चालत नाही. तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आमच्या घरीही लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधी, दूध-मांस बंद असतं. तू मुलुनेशला सांगितलंस ना, अस्तेरसाठी मीही करते?’’

‘‘सांगितलं. केलासुद्धा.’’

‘‘तिनं ते सगळ्या गावाला सांगितलं. समुद्रापलीकडून आलेली परकी पोर माझ्या मुलीसाठी उपाशी राहते. चर्चमध्ये तुझ्या नावानं प्रार्थना झाली. आणि मग भर सकाळी तू तिच्यासमोर पायरीवर बसून दूध प्यायलीस, वर पेला उंच करून अस्तेरचं नाव घेतलंस. तिला वाटलं, तू तिची थट्टा केलीस.’’

‘‘मी खरंच उपवास करत होते गं.’’

‘‘बटाटे, तूप, दूध, केळी, दाणे. मग खाल्लं नाहीस काय?’’

‘‘भात,’’ मी म्हटलं. ‘‘आणि पोळी.’’

मला रडू येत होतं आणि अन्नम्माला हसू, आणि दोघींनीही आपापलं आवरलं.

‘‘मी तिला समजावून सांगितलं,’’ ती जाताना म्हणाली. ‘‘तुमच्याकडे पद्धत वेगळी, पोरीनं मुद्दाम केलं नाही.’’

‘‘मग काय म्हणाल्या?’’

‘‘काही नाही. ऐकून घेतलं आणि मसूर निवडायला बसली.’’

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासारखा उपवास धरला. हट्टच तो. उन्हं वर आली तरी पाण्याचा थेंब नाही. पहिल्या दिवशी अकरा वाजता डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी पावडरीचा डबा आणि तुपाची बरणी बांधून फळीवर उंच ठेवली, कारण नजर पुनःपुन्हा तिकडेच जात होती. जन्मापासून उपवास केले, पण भूक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुणाला दाखवायला करत नव्हते असं म्हणणार नाही. मुलुनेशबाईंना दिसावं म्हणून मी मुद्दाम पायरीवर बसायची. पण तीन-चार दिवसांनी ते मागं पडलं. मग नुसती अस्तेर राहिली. फोटोतली हट्टी पोर. तिला मी मनात सांगायची, ‘बये, बरी हो. तुझ्या आईनं तोंड फिरवलंय, तू आलीस की तूच मला सोडव.’

मुलुनेशबाई येता-जाता बघत. बोलत नसत.

सहाव्या दिवशी तीन वाजता त्या माझ्या दारात आल्या आणि मान हलवून ‘चल’ म्हणाल्या. अंगणात इंजेरा मांडला होता, आपल्या आंबोळीसारखा, पण परातीएवढा. वर डाळीचं तिखट कालवण. मी खाली बसले. त्यांनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, कालवणात बुडवून गुंडाळला, आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडापुढं धरला. एरवी दुसऱ्याच्या ताटातलं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. सासूबाईंच्या हाताखाली तर उष्ट्याखरकट्याचे धडे घेतलेले. मी तोंड उघडलं. घास एवढा मोठा होता, की चावता चावता डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातलं तिखटाचं किती आणि माझं किती, हे कुणी विचारलं नाही. दुधाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

आणि तेच मला आतून खात राहिलं. त्यांनी पोटात घातलं असेल, पण वरच्या देवाचं काय? प्रसाद न घेता निघालं की जहाज बुडतं, घेतला वसा टाकला की घर बसतं, असल्या कहाण्या ऐकत मी वाढलेली. वसा अस्तेरच्या नावानं घेतला होता आणि मी तो पहिल्याच दिवशी दूध-साखर घालून मोडला होता. ईस्टरपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही, म्हणजे हिशेब चुकता होईल, असं मी देवाला रोज सांगत होते. कुठल्या देवाला, हे मलाही नक्की माहीत नव्हतं. गणपतीपुढं उभी राहायची आणि डोळ्यांपुढं मारियाम यायची.

सण पाच दिवसांवर आला तेव्हा हे परत आले. संध्याकाळच्या बसनं. मी वाळलेली पाहून ह्यांना धक्काच बसला. खिशातून कागद काढून म्हणाले, ‘‘तुझं पत्र मिळालं. सही केलेली नाही. उद्या हेडमास्तरांना तसं सांगून येतो.’’

मी ह्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पाणी तापत ठेवलं. पत्र लिहिणारी मी आणि आता समोर उभी असलेली मी, ह्या दोघींची गाठ पडली नव्हती.

पहाटे अंगणात पावलं वाजली. फटीतून पाहिलं. पाच-सहा वडीलधारे पुरुष, मध्ये ते पुजारी, मुलुनेशबाईंच्या दारासमोर उभे. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘इथं मृत्यूची बातमी अशीच सांगतात,’’ ते हळू म्हणाले. ‘‘पहाटे. सगळे मिळून.’’

दार उघडलं. मुलुनेशबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांना कळलं. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

अस्तेर गेली होती. दवाखान्यातच. तिकडेच पुरली होती.

उजाडता उजाडता अंगणात कापडी मांडव उभा राहिला. सगळं गाव लोटलं. बायका आत शिरताच मोठ्यानं रडत, एकेक जण पुढं येऊन अस्तेरची एकेक आठवण सांगे, आणि पुन्हा हलकल्लोळ. हे पुरुषांत जाऊन बसले. मी खोलीत. दाराला आतून कडी.

‘‘प्रभा, चल,’’ हे दोनदा येऊन म्हणाले. ‘‘बरं दिसत नाही.’’

‘‘मी नाही येणार. मला तोंड नाही दाखवायचं.’’

‘‘काय खुळ्यासारखं बोलतेस?’’

‘‘तुम्ही नव्हता इथं. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही हेडमास्तरांकडे जा. आजच सांगा. मला इथून घेऊन चला.’’

मी ट्रंक ओढली आणि कपडे भरू लागले. जून अजून दोन महिने लांब होता, पण मी भरत होते. माझ्या कानात सारखं तेच वाजत होतं: मुलुनेशबाईंना आता आठवेल. आता नाही तर रात्री. पायरीवर बसलेली, पेला उंच केलेली परकी पोर. त्या जेव्हा माझ्याकडे बोट दाखवतील, तेव्हा मी काय म्हणणार? ‘आमच्याकडे चालतं’?

दुपार झाली. मांडवातला आवाज थोडा थांबला होता. दारावर थाप पडली. ह्यांची समजून मी कडी काढली.

मुलुनेशबाई उभ्या होत्या. शाल नेहमीसारखी नव्हती. काठ चेहऱ्याभोवती घट्ट ओढलेला. गालांवर ओरखडे. आवाज बसून गेलेला. दोन महिन्यांत मला त्यांची भाषा थोडी कळू लागली होती, आणि त्या मला कळेल असंच, सुटं सुटं बोलल्या.

‘‘सगळे आले. तू आली नाहीस.’’

मी मागं सरले. ट्रंकेला अडखळले. मग मी बाहेर पायरीकडे बोट केलं आणि म्हटलं, ‘‘वेतेत.’’ दूध.

त्यांना कळलं नाही. त्यांनी पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दूध हवंय का हिला, असं क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मी पुन्हा म्हटलं, ‘‘वेतेत. मी. अस्तेर.’’ आणि मी ट्रंकेशीच खाली बसले.

आणि मग त्यांना कळलं. ज्या बाईची एकुलती एक मुलगी गेली होती, तिचा चेहरा माझ्यासाठी पिळवटला. त्या खाली, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या.

‘‘दूध नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऐक. दूध नाही. छाती. अस्तेर दहा महिने आजारी. तू आलीस दोन महिन्यांपूर्वी.’’ त्यांनी बोटं मोजून दाखवली, आधी दहा, मग दोन. लहान मुलाला शिकवतात तशी. मग तर्जनी वर केली. ‘‘तुझा पेला एक.’’

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या मला थोपटत होत्या. थोपटायचं कुणी कुणाला होतं!

‘‘तू किती दिवस केलंस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पंचवीस.’’

‘‘मग? तिच्यासाठी पंचवीस दिवस उपाशी राहिलीस, आणि रडायला येणार नाहीस?’’

माझा हात धरून त्यांनी मला उठवलं. भरलेल्या ट्रंकेकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

मांडवात बायकांनी वाट दिली. मुलुनेशबाईंनी मला आपल्या शेजारी चटईवर बसवलं, जिथं त्यांच्या चुलतबहिणी बसल्या होत्या तिथं. एकेक बाई उठून अस्तेरबद्दल सांगत होती. माझी पाळी आली तेव्हा सगळे थांबले. मी तर तिला पाहिलंही नव्हतं. त्यांच्या भाषेतले होते नव्हते ते शब्द पळून गेले. आणि मी मोठ्यानं, फलटणच्या बायका रडतात तशी, मराठीत रडले. ‘‘अगं अस्तेर, अगं माझे बाई, मला तू हवी होतीस गं! तुझ्याशी बोलायला मी शब्द जमवत होते गं! आता ते कुणाला सांगू?’’ दोन महिन्यांत इतकं मराठी मी एका दमात बोलले नव्हते. कुणी अर्थ विचारला नाही. शेजारची बाई माझ्या वाक्यावाक्याला मान हलवत होती, आणि माझं संपलं तेव्हा पुन्हा सगळ्यांनी गळा काढला.

उन्हं उतरताना हे मांडवाच्या कडेनं आले आणि माझ्यामागं वाकले. अंधार पडायच्या आत हेडमास्तरांना घरी गाठायचं होतं.

‘‘प्रभा,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मी जाऊन सांगून येतो मग. सही करत नाही म्हणून.’’

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मला खरंच राग आला.

‘‘अहो, घरात सुतक असताना हे काय विचारता?’’

हे बघतच राहिले. माझ्याकडे, मुलुनेशबाईंकडे, मी बसले होते त्या चटईकडे. मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि परत पुरुषांत जाऊन बसले. सण झाल्यावर त्यांनी हेडमास्तरांना सही करून दिली. त्याबद्दल आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.